कोटणिसांची चीनमधली चार वर्षं



धानाची मळणी अर्धीमुर्धी टाकून तुम्ही इथे आला आहात आणि पुष्कळांना इथून मंडईच्या नाटकाला जायचं आहे. तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भिंतीवर नकाशा टांगल्याशिवाय इतिहासाचा तास सुरू करत नसत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं. म्हणून आज मीही मागे चीनचा नकाशा लावून घेतला आहे.

‘परक्या माणसाचा चीनमधला अनुभव’ असा विषय संयोजकांनी दिला. चीनला जाऊन आलेल्यांची वर्णनं आपल्याकडे कमी नाहीत. उंच इमारती, वेगवान रेल्वे, लांबच लांब भिंत यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. ते पाहणाऱ्याचे अनुभव आहेत. मला आस्था आहे ती तिथे राहून काम करणाऱ्याच्या अनुभवाची, आणि मराठी माणसात तसा अनुभव सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्याइतका खोलवर कोणी घेतला असेल असं मला वाटत नाही. ९ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांचं नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या चार वर्षांत ते काय खात होते, कुठल्या भाषेत बोलत होते, कोणाला काय शिकवत होते, हे फारसं सांगितलं जात नाही. आज मला तेच सांगायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १९३८ साली साध्या चिनी माणसाच्या मनात हिंदी माणसाचं चित्र काय असेल? शांघायच्या परकीय वसाहतीत इंग्रजांच्या नोकरीतला पगडीवाला पोलीस त्याने पाहिला होता. अफूच्या युद्धात आणि पुढे १९०० साली बॉक्सरांचं बंड मोडायला इंग्रजांच्या फौजेत हिंदी शिपाई होते. आणि ती अफू पिकत होती आपल्याकडेच, बिहारात आणि माळव्यात. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजावर चढायची. मुंबईतलं सर जे. जे. रुग्णालय १८४५ साली उघडलं ते सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. जमशेटजींनी उदार हाताने दानधर्म केला यात शंका नाही, पण त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातला, म्हणजे कापसाचा आणि अफूचा होता. ज्या मुंबईत कोटणीस डॉक्टर झाले, त्या मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात चीनच्या दुःखाचा पैसा असा मिसळलेला आहे. कोटणीस शिकले ते मात्र सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. १९२६ सालची ती संस्था, आणि शिकवणारे हिंदीच असावेत ही तिच्या देणगीदारांची अट. त्या वातावरणात वाढलेला मुलगा परदेशी जाताना कोणाच्या बाजूने जाईल, हे वेगळं सांगायला नको.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर सर्वंकष युद्ध लादलं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू द यांनी त्या वर्षाच्या अखेरीस नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी आवाहन केलं, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. सोलापूरचे कोटणीस. आणि पाचवे आपल्या नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर.

चोळकरांच्या नावाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण त्यांची आठवण विदर्भानेच ठेवायला हवी. वयाने ते कोटणिसांपेक्षा बरेच थोर, पथकाचे उपप्रमुख. उतारवयात, घरदार आणि चालता दवाखाना मागे ठेवून, बॉम्ब पडत असलेल्या देशात जायला तयार झालेला हा नागपूरकर. १९३९ साली ते परत आले. परत आले म्हणून त्यांचं नाव मागे पडलं. जो मेला तो अमर आणि जो काम करून घरी परतला तो विस्मृत, ही आपली सवय मला बरी वाटत नाही. पथकातले पाचही जण साधारण वर्षभराच्या बोलीने गेले होते. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे परतावं लागलं, पुढे प्रकृतीमुळे अटलही परतले. यातल्या कोणीही माघार घेतली असं म्हणता येणार नाही.

१ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ बोट मुंबईहून सुटली. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. १७ सप्टेंबरला पथक कॅन्टनला उतरलं, तिथे सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग स्वागताला हजर होत्या. नंतर ते हांकौला पोचले. हांकौ म्हणजे आजच्या वुहानचा एक भाग. ऑक्टोबरअखेर ते शहर जपानच्या हाती पडलं आणि सरकारी यंत्रणेबरोबर पथकही यांगत्से नदीने वर वर सरकत चुंगकिंगला गेलं.

चुंगकिंगला असताना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. घरी आई, भावंडं आणि कुटुंबावर पैशाची ओढगस्त. सहकाऱ्यांनी परत जा म्हणून सांगितलं, आणि तसं सांगणंच स्वाभाविक होतं. कोटणीस गेले नाहीत. हा निर्णय थोर होता असं म्हणून पुढे जाणं मला जमत नाही. त्याची किंमत सोलापूरच्या त्या घराने मोजली, आणि ती कोणी मोजून पाहिलेली नाही. पण इथून पुढे एक बदल दिसतो. मदत घेऊन आलेला पाहुणा आता तिथे राहायला आलेला माणूस झाला.

१२ फेब्रुवारी १९३९ ला पथक कम्युनिस्टांचं केंद्र असलेल्या येनानला पोचलं. नकाशात बघा, पिवळ्या नदीच्या पश्चिमेला, शेन्सी प्रांताच्या उत्तर भागात. तिथली माती पिवळी, भुसभुशीत आणि खूप खोल. डोंगराच्या कडेत कोरलेल्या गुहांमध्ये माणसं राहतात. विमानांच्या भीतीने दवाखानाही गुहेतच. जेवण राळ्याचं. राळे म्हणजे तेच आपलं बारीक पिवळं भरडधान्य, जे आपल्याकडे आता शोधावं लागतं. सोलापूरच्या ज्वारीवर वाढलेल्या कोटणिसांना राळ्याची पेज दोन वेळा, आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली. माओंनी मे १९३९ मध्ये नेहरूंना आभाराचं पत्र लिहिलं. नेहरू स्वतः ऑगस्टमध्ये चुंगकिंगला आले, पण युरोपात युद्ध पेटलं आणि त्यांना येनान न पाहताच परतावं लागलं.

वर्षअखेर अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. तेव्हा कळलं की कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून १२ नोव्हेंबरला वारले. हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि विष रक्तात भिनलं. बेथ्यून यांनी डोंगराळ मुलखात एक आदर्श रुग्णालय उभारलं होतं, ते जपानी सैन्याने लवकरच उद्ध्वस्त केलं. त्यातून तिथल्या डॉक्टरांनी धडा घेतला आणि एका जागी इमारत बांधायचीच नाही असं ठरवलं. जखमी शिपाई गावोगाव शेतकऱ्यांच्या घरांत विखरून ठेवायचे. डॉक्टर खेचरावर औषधांच्या पेट्या लादून या गावाहून त्या गावाला. शत्रू आला की घरमालक जखमीला डोंगरात लपवणार. अशा व्यवस्थेत डॉक्टरला शल्यकौशल्य लागतं, तसाच घरमालकिणीचा विश्वासही लागतो. तिने दार उघडलं तर रुग्णालय आहे, नाही तर नाही.

इथे भाषेचा प्रश्न येतो. बसू आणि कोटणीस जपानी फळी ओलांडून १९४० च्या मध्यात शान्सी-चाहार-होपेई या सीमावर्ती भागात आले. पुढे बसू येनानला परतले, कोटणीस राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तोवर ते चिनी बोलत होते, वाचत होते, लिहीत होते. रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत ते चिनीतून शिकवायचे. शिकणारी बरीच मुलं शेतकऱ्यांची, शालेय शिक्षण बेताचं. त्यांच्यासाठी कोटणिसांनी शस्त्रक्रियेची प्राथमिक ओळख करून देणारं क्रमिक पुस्तक चिनी भाषेत तयार केलं आणि दुसरं, अधिक सविस्तर, लिहायला घेतलं. कोटणिसांच्या सगळ्या पराक्रमात मला हे पुस्तक सर्वांत मोठं वाटतं. लागोपाठ रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्याच्या हकिगती खऱ्या आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण थकवा सोसण्याची ताकद युद्धात अनेकांच्या अंगी येते. परक्या भाषेत, दिव्याच्या उजेडात, अर्धशिक्षित मुलाला समजेल असं पोटाच्या जखमेवरचं प्रकरण लिहायला मनाची वेगळी तयारी लागते. आपण उद्या नसलो तरी काम चालावं, ही ती तयारी.

भाषा शिकून आलेल्याला देश वेगळा दिसतो याचे दाखले उलट्या दिशेनेही आहेत. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी भिक्षू भारतात आला, नालंदेत वर्षानुवर्षं संस्कृत ग्रंथ शिकला आणि मग दक्षिणेकडे फिरला. त्याने ज्या कोसल देशाचं वर्णन केलं, त्याची राजधानी कुठली यावर वाद आहे. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने आपल्या चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं, नाव सुचवलं, इतरांनी भांदकचं. नक्की काही असो, आपला हा मुलूख चौदाशे वर्षांपूर्वी एका चिनी माणसाच्या नजरेखालून गेला असण्याचा संभव आहे. आणि अलीकडचं उदाहरण वसंत परांजपे यांचं. १९४७ साली ते पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले. यादवी युद्ध आणि १९४९ ची क्रांती त्यांनी तिथे राहून पाहिली. १९५४ साली नेहरू आणि माओ समोरासमोर बसले तेव्हा मध्ये दुभाषी म्हणून हा मराठी माणूस होता.

पुन्हा कोटणिसांकडे येऊ. १९४१ आणि ४२ ही त्या डोंगरांतली सर्वांत वाईट वर्षं. जपानी सैन्याने जाळा, लुटा, मारा हेच धोरण केलं होतं. धान्य संपलं. लोक झाडाचा पाला शिजवून खाऊ लागले. तेव्हा तिथले सेनानी न्ये रुंगचन यांच्याकडून सैन्याला हुकूम निघाला की गावाजवळच्या झाडांचा पाला सैनिकांनी तोडू नये, तो गावकऱ्यांसाठी ठेवावा. आरमोरीत हे सांगताना मला जास्त समजावून सांगायची गरज नाही. मोह, तेंदू, रानभाज्या यांच्यावर कोणाचा हक्क आधी, हा प्रश्न आपल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे.

याच काळात कोटणिसांचं लग्न झालं. क्वो छिंगलान या पेकिंगच्या नामांकित संस्थेत शिकलेल्या परिचारिका, त्याच वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत होत्या. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांची पहिली गाठ पडली. २५ नोव्हेंबर १९४१ ला विवाह, २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा. न्ये रुंगचन यांनी त्याचं नाव सुचवलं यिनह्वा, दोन्ही देशांची नावं जोडून. मधल्या काळात, जुलै १९४२ मध्ये, कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. आपल्याकडे काही लेखक ही गोष्ट गाळतात, चीनमध्ये तीच मोठ्या अक्षरात सांगतात. दोन्ही मला पटत नाही. तो त्यांच्या आयुष्यातला खरा निर्णय होता, तो तसा सांगावा. त्या पक्षाच्या राज्यात पुढे महाभयंकर दुष्काळ पडला, सांस्कृतिक क्रांतीत शिक्षक-डॉक्टरांचे हाल झाले, हेही खरं, आणि ते पाहायला कोटणीस नव्हते.

त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी बाहेर जा असा आग्रह झाला, ते थांबले. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे होपेई प्रांतातल्या तांग तालुक्यात कगुंग या गावी त्यांचा अंत झाला. वय ३२. दुसरं पुस्तक अपुरं राहिलं. आज त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरात, बेथ्यून यांच्याच परिसरात आहे.

छिंगलान यांच्याबद्दल बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. नवरा गेला तेव्हा मूल साडेतीन महिन्यांचं होतं. तोच मुलगा पुढे वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. छिंगलान अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि २०१२ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, ल्याओनिंग प्रांतातल्या ताल्यान शहरात वारल्या. कोशाचं काम करणाऱ्या आरमोरीकरांसाठी एक माहिती इथे देतो. ल्याओनिंग हा चीनमधल्या टसरचा मुख्य प्रांत. आपण ऐन-अर्जुनावर किडे सोडतो, ते ओकच्या झाडावर. तिथलं सूत आपल्या देशातल्या मागांवरही येतं. दोन्हीकडे किडा उघड्या रानात वाढतो आणि पक्ष्यांपासून त्याला राखायला माणूस दिवसभर झाडाखाली उभा असतो.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून १९४६ साली व्ही. शांतारामांनी चित्रपट काढला. स्वतः शांताराम डॉक्टर झाले, जयश्री त्यांच्या पत्नी. त्या चित्रपटाचं ऋण मोठं आहे, कोटणीस हे नाव त्याने घरोघर पोचवलं. पण झाडीपट्टीच्या रसिकांना माहीत आहे, रंगमंचावर प्रसंग लागतात. चिनी लिपीचे धडे गिरवणं, मुलांच्या वह्या तपासणं हे नाटकात रंगत नाही, म्हणून ते गळलं. नंतर राजकारणाने आणखी गाळलं. हु जिंताओ २००६ साली, ली कछ्यांग २०१३ साली मुंबईत आले तेव्हा कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटले. चांगलंच झालं. मात्र १९६२ च्या युद्धात, आणि २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले तेव्हा, या आठवणीचं काय करायचं ते कोणाला कळेना. मला यात अडचण दिसत नाही. कोटणीस गेले ते होपेईच्या जखमी माणसांसाठी. दोन सरकारांच्या मैत्रीची हमी म्हणून त्यांना वापरायचं नाही आणि त्या सरकारांच्या भांडणात त्यांना खाली ओढायचं नाही.

आता शेवटचा आणि आपल्याला जवळचा भाग. २०२० पूर्वी सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते, बहुतेक वैद्यकीयचे. महाराष्ट्रातलेही पुष्कळ. खासगी महाविद्यालयाची फी परवडत नाही, सरकारी जागा थोड्या, म्हणून आईवडील शेत गहाण टाकून मुलाला पाठवत होते. महामारीच्या सुरुवातीला वुहानमधून दोन विमानांनी ६४७ भारतीयांना आणलं, त्यात विद्यार्थी बरेच होते. १९३८ साली कोटणीस ज्या शहरातून युद्धापुढे निघाले, तेच हे शहर. घरी परतलेल्यांना चीनने ऑगस्ट २०२२ पर्यंत व्हिसा दिला नाही. अडीच वर्षं ही मुलं घरी बसून मोबाईलच्या पडद्यावर शरीरशास्त्र शिकली.

त्यांची अडचण फक्त महामारीची नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांचे वर्ग इंग्रजीतून चालतात, पण वॉर्डातला रुग्ण चिनी बोलतो. चिनीची परीक्षा नावापुरती उत्तीर्ण झालेला मुलगा खाटेजवळ उभा राहतो आणि म्हातारीला कुठे दुखतं ते त्याला समजत नाही. हाडांची नावं पाठ होतात, रुग्णाची विचारपूस शिकायची राहते. परत आल्यावर पात्रता परीक्षेत अनेकांना पुन्हा पुन्हा बसावं लागतं, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं. या मुलांचा अनुभव कोटणिसांच्या अनुभवाशेजारी ठेवला की मला त्यांचा राग येत नाही. त्यांना तसं शिकवायची जबाबदारी ज्यांनी घेतली आणि पाळली नाही त्यांचा येतो. पालकांनी प्रवेशाआधी एवढं जरूर विचारावं: वॉर्डात कोण शिकवणार, पहिल्या वर्षापासून चिनीचे रोज किती तास, आंतरवासिता कुठे, आणि ही पदवी आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत बसते का.

आणि परतलेल्या मुलाची गाठ शेवटी कुठे पडणार? कोरचीला, धानोऱ्याला, एटापल्लीला. तिथल्या आरोग्य केंद्रात आलेली बाई गोंडी किंवा माडिया बोलते. हेमलकशाला १९७३ पासून काम करणाऱ्या प्रकाश आमटे आणि मंदाताईंनी आधी माडिया आत्मसात केली. शोधग्रामला बंग दांपत्याने लोकांना विचारून त्यांच्या घरांसारखं रुग्णालय बांधलं आणि त्याला त्यांच्याच देवीचं, दंतेश्वरीचं नाव दिलं. ही उदाहरणं आपल्या जिल्ह्यातली आहेत, सोलापूरला किंवा होपेईला जायची गरज नाही. तरीही नागपूर-पुण्याहून बदलीवर येणारा डॉक्टर आजही दुभाषी शिपायाच्या तोंडाकडे पाहत रुग्ण तपासतो. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता गडचिरोलीलाही झालं आहे. या दोन्ही ठिकाणी पहिल्या वर्षापासून गोंडी आणि माडियाचा तास असावा, शिकवायला या भाषा बोलणारी आपल्याच गावांतली शिक्षित मुलंमुली नेमावीत आणि त्यांना त्याचा पगार मिळावा. या सभेने तसा ठराव करून दोन्ही अधिष्ठात्यांकडे पाठवावा अशी माझी विनंती आहे. मसुदा मी लिहून आणला आहे, तो अध्यक्षांच्या हाती देतो.